चंडोल आणि बिस्किटांच्या डब्यातला कचरा

बाबा, तुमचा आवाज सापडला! आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही माझ्यावर असे काही ओरडलात की मला गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही. भात करपला. करपू दे मेला!

साठ सालानंतरचे ते दिवस. तुम्ही अमरावतीत प्राणिशास्त्र शिकवायचात, मी कॉलेजात होते. सुटी लागली की स्पूलचा टेप-रेकॉर्डर मांडीवर घेऊन एसटीने अकोट आणि तिथून तेल्हारा. "वावरं बदलून राह्यले, पोरी. पाखरं जातीन. त्यायचा आवाज तरी धरून ठेवू," म्हणायचात. त्या दिवशी चंडोल गात गात वर चढतो आहे, तुम्ही डोळे मिटून बसला आहात, आणि मी विचारते, "बाबा, भाकर खाता का?" झालं! "चंडोल गाऊन राह्यला अन् तुले भाकर सुचून राह्यली? काहून बोलली?" मी रडले. मग तुम्हीच अर्धी भाकर ठेचा लावून माझ्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर माणसाचा आवाज ब्लेडने कापायचा, हा तुमचा नियम. मोट हाकणाऱ्याची हाळी, माझा खोकला, तुमचं ओरडणं, सगळा कचरा. टेपचे ते तुकडे बंबात जाळायला माझ्याकडे द्यायचात. मी एकही जाळला नाही. पहिल्यांदा रागाने ठेवले, पुढे सवयीने, बिस्किटांच्या डब्यात.

आता अकोल्यात आवाजांचं प्रदर्शन भरतं आहे. अंधाऱ्या खोलीत बसून लोक तेल्हाऱ्याची ती सकाळ ऐकतील! म्हणून तुमची रिळं काढली. पाखरं अगदी ताजी, पण त्यात तुम्ही कुठेच नाही. साधं खाकरणंही नाही. आणि खरं सांगते, तुमचा आवाज कसा होता तेच मी विसरले होते. मग डबा उघडला, तुकडे चिकटपट्टीने जोडले. काही उलटे जोडले गेले, तर तुम्ही भलत्याच भाषेत रागावलात! हसून हसून पुरेवाट झाली माझी. सुलटे केले आणि, "काहून बोलली?" मोटेची करकर, हाळी, तुम्ही. एवढा आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

प्रदर्शनवाल्यांनी दहाच मिनिटं दिली आहेत. सगळं मावत नव्हतं. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून लिहायचा धीर होतो आहे.

मी चंडोल कापला, बाबा.