न भिजणारी काच

४ ऑगस्ट १९८६, सोमवार

पोचलो. वडशाला गाडीतून उतरलो, तिथून एसटीनं कुरखेडा, पुढचे सतरा किलोमीटर दवाखान्याच्या जीपमधून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मधेच धानाचा हिरवा तुकडा. सूक्ष्मदर्शकाची पेटी सगळी वाट मांडीवर धरून होतो.

दवाखाना एका सेवा मंडळाचा, बारा खाटांचा. डॉक्टर एकच, सत्यशीला मेश्राम, ब्रह्मपुरीच्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, प्रयोगशाळा दोन वर्षं बंद आहे, तंत्रज्ञ इथे टिकत नाहीत. मी म्हणालो, मी टिकेन. त्या हसल्या.

खोलीच्या खिडकीतून बोडी दिसते. बोडी म्हणजे इथलं लहान तळं. त्यात कमळं आहेत. मन हलकं आहे. पुण्यात आता पत्र लिहावं असं कुणी उरलेलं नाही, म्हणून ही वही.

९ ऑगस्ट, शनिवार

पाच दिवसांत प्रयोगशाळा उभी राहिली. मदतीला वारलू आहे. पन्नाशीचा, सडसडीत. गेली दोन वर्षं नळ्या तोच धुतो, राखेनं. एका नळीला बराच वेळ घेतो आणि मग उन्हात धरून बघतो.

इथे एक तपासणी मी पहिल्यांदाच पाहिली. साप चावलेला माणूस आला की ताई त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतात. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती आडवी करायची. रक्त गोठलं असेल तर घोणशीचं विष अंगात नाही. पाण्यासारखं वाहिलं तर आहे, मग सापाच्या विषावरची लस द्यायची. लशीच्या दहाच कुप्या आहेत. एका माणसाला दहाही लागू शकतात. नवीन साठा चंद्रपूरहून येतो, नदी उतरली तर.

आज मी पुण्याहून दवाखान्यासाठी आणलेली भेट बाहेर काढली. पुण्याच्या रक्तपेढीत आम्ही काचेला सिलिकॉनचं द्रावण लावायचो. नळीत भरायचं, ओतून टाकायचं, भट्टीत वाळवायचं. मग काचेला काही चिकटत नाही. चाळीसच्या चाळीस नळ्यांना लावलं. पाणी ओतलं तर मोत्यांसारखं घरंगळून बाहेर आलं, काच कोरडी.

वारलूनं नळी उलटी करून पाहिली. म्हणाला, "आमची काच बी पुन्याची करून टाकली तुमी, भाऊ. कोनासंग लागूनच नाई राह्यली." मी हसलो. ताईंना चकाकी आवडली.

१७ ऑगस्ट, रविवार

पहाटे भैयाजी नावाच्या शेतकऱ्याला खाटेवर घालून आणलं. मासे धरायच्या जाळ्यात हात घातला आणि काहीतरी चावलं. साप दिसला नाही. ताईंनी रक्त घेतलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त वाहिलं.

दहाही कुप्या दिल्या. दुपारी तो उठून बसला आणि चहा मागितला. त्याच्या घरच्यांनी माझेही पाय धरले. मी फक्त नळी दिली होती. तरी दिवसभर बरं वाटत राहिलं. संध्याकाळी बोडीच्या काठावर बसलो. कुणाला सांगावं असं वाटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बुधरी नावाची बाई आली. वय बावीस असेल. निंदण करताना घोणशीनं चावलं. नवऱ्यानं साप मारून टोपलीत आणला होता. शंका घ्यायला जागा नव्हती. लस नव्हती.

जीप नदीपर्यंत जाऊन परत आली. पुलावरून पाणी होतं. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. दुपारी चारला गेली.

ताई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, दोन दिवस आधी आली असती तर. मग म्हणाल्या, नाही, मग भैयाजी गेला असता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

भैयाजी काकड्या घेऊन आला. खूप हसत होता. भावाला तेच जाळं काढताना त्यात मेलेला साप सापडला, गुंतून पडलेला. दिवड. पाण्यातला, बिनविषारी. गाव त्याला चिडवतं. "दिवड चावला अन् हा मरून राह्यला होता म्हनते सारे. पन मी सांगतो त्याइले, नळीत रक्त पाह्यलं डॉक्टरीनबाईनं. नळी खोटं बोलन का, भाऊ?"

तो गेल्यावर दार लावलं. स्वतःचं रक्त काढलं. अर्धं माझ्या एका नळीत, अर्धं पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत. ती बाटली साधी काच.

वीस मिनिटं. बाटलीतलं गोठलं. नळीतलं वाहिलं.

मी हे शिकलो होतो. रक्त काचेला लागलं की त्यातली प्रथिनं काचेवर बसतात. काच परकी आहे हे त्यांना कळतं आणि गोठणं सुरू होतं. सिलिकॉन लावलेल्या काचेवर ती नीट बसत नाहीत. म्हणून तर आम्ही ते लावायचो. हे मला पाठ होतं. या तपासणीशी मी ते जोडलं नाही.

भैयाजीच्या अंगात विष नव्हतं. दहा कुप्या बुधरीच्या होत्या.

२७ ऑगस्ट, बुधवार

ताईंना सांगायला गेलो. त्या जेवत होत्या. मलाही ताट वाढून घ्यायला लावलं. जेवलो. सांगितलं नाही. उद्या सांगतो.

नळ्या राखेनं घासल्या, सोड्यात उकळल्या. पाणी अजून घरंगळतंच. लेप निघत नाही. नव्या नळ्या मागवायच्या तर कारण द्यावं लागेल.

२८ ऑगस्ट, गुरुवार

नदी उतरली. लशीच्या सहा कुप्या आल्या. पुढच्या माणसाच्या आधी सांगायला हवं.

आज ताईंना वेळ नव्हता. खरं म्हणजे होता.

३० ऑगस्ट, शनिवार

आंघोळीच्या वेळी लक्षात आलं. पाणी अंगावर थांबत नाही. तांब्यानं ओतलं की थेंब होऊन खाली जातं. साबण लागत नाही. पंचा कोरडाच राहिला.

तेलकटपणा असेल. हवा दमट आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

विहिरीपासून खोलीपर्यंत भर पावसात चालत आलो. सदरा निथळत होता, तो अंगाला चिकटला नव्हता. आत मी कोरडा.

पाणी पितो. घशाखाली जातं, जीभ ओली होत नाही. सकाळपासून नऊ तांबे प्यालो. तहान आहे तशीच.

भात हातात राहत नाही, बोटांतून सुटतो. ताटावर वाकून खाल्ला. वारलू समोर होता. त्याचं लक्ष नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवता येत नाही. बोटं सरकतात. बोटं काचेवर दाबून पाहिली, दहाही. ठसा उमटला नाही.

वारलू काल म्हणाला होता, "भाऊ, तुमी लय गुमसुम राह्यता, घरची याद येते का?" काल त्याला सांगून टाकायला हवं होतं. आज दोनदा हाक मारली. तो खिडकीची काच पुसत राहिला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

परत स्वतःचं रक्त घेतलं. साध्या बाटलीत. तीच बाटली, धुतलेली.

वीस मिनिटं. चाळीस. एक तास.

गोठलं नाही.

सुई टोचलेल्या जागी अजून थेंब येतोय. कापूस लावला. कापूस पांढराच. थेंब कापसावरून घरंगळला, टेबलावरून गेला, खाली पडला. डाग कुठेच नाही. टेबलावर नाही, फरशीवर नाही. माझं रक्त कशालाच लागत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

ताईंच्या खोलीत गेलो. टेबलासमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं — नळ्या, लेप, दिवड, बुधरी. मोठ्यानं. दोनदा.

त्या लिहीत होत्या. मग वारलू आला. त्यांनी त्याला विचारलं, तंत्रज्ञ कुठे आहेत, दोन दिवस दिसले नाहीत.

मी दोघांच्या मधे उभा होतो.

वारलू म्हणाला, "गेले वाटते, ताई. सांगून बी नाई गेले." मग म्हणाला, "मानूस वाईट नोयता."

ताई म्हणाल्या, टिकत नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

नळ्या फोडायला गेलो. हातात येत नाहीत. एकही नाही. ओल्या साबणासारखं — नाही, साबण तरी ओला असतो.

दिवसभर बोडीच्या काठाला. पाण्यात उतरलो गळ्यापर्यंत. पाणी माझ्यापासून जरा लांब राहिलं. मधे फट होती. त्या फटीत हवा.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ९.५०. दोघं आलीत. धानाच्या एकाच बांधीत निंदण करत होती. मंगरू म्हणून एक माणूस, आणि इतवारी. इतवारी वारलूची बायको.

दोघांचे पाय सुजलेत. साप कुणी पाहिला नाही. एक की दोन, माहीत नाही. कुप्या सहा. ताई म्हणाल्या, एकालाच पुरतील, ज्याचं रक्त वाहील त्याला.

दोघांचंही वाहणार.

१०.०५. ताईंनी रक्त घेतलं. माझ्या नळ्यांत. नळ्या खिडकीत उभ्या केल्या. वारलू इतवारीच्या उशाशी, तिचा हात हातात धरून.

१०.०९. पेनिसिलिनची बाटली तिथेच पडली आहे. साधी काच. त्यात घेतलं तर कळेल लस कुणाला हवी. उचलायला गेलो — निसटली. परत. परत. गुडघ्यांत धरली, निसटली.

ओरडलो. वारलूच्या कानाशी.

१०.१४. पेन दोऱ्यानं बोटांना बांधलंय. तोही सरकतो. ताईंच्या पुढ्यात वही नेऊन ठेवीन. कागद तरी

शाई बसत नाही. चार ओळी लिहिल्या, गोळ्या होऊन पानावरून गेल्या. लिहिलं होतं की नळ्या खराब आहेत. लिहिलं होतं की नळ्यांत दोष आला आहे.

१०.१९. दोष आला नाही. मी लावलं.

ही ओळ बसली.

मी लावलं. मला ठाऊक होतं. सव्वीस तारखेपासून ठाऊक आहे. सांगितलं नाही कारण इथे मला माणसं चांगलं म्हणत होती आणि याआधी कुठे —

शाई पसरते आहे. कागद पितो आहे. बोटाखाली ओलं लागतंय, रक्त आहे, पानाला डाग पडला

१०.२३. ताई, साध्या बाटलीत घ्या. दोघांचंही. आत्ता. वीस मिनिटं थांबा, इतवारी थांबू शकेल का माहीत नाही पण नळीवर

ताई घड्याळ बघताहेत. उठल्या. वही पुढे धरली आहे, त्यांच्या हाताला लागली, त्यांनी हात झटकला, माशी बसावी तसा — पाहा ना, ताई, खाली पाहा —

नळी उचलली. आडवी करू नका, ती माझी आहे, तिच्यात कुणाचंच रक्त कधी