साहाय्य केलेली व्यक्ती

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी १०.१५

सर्वप्रथम क्षमा मागते. ज्या भाषेत इतक्या लोकांनी इतके चांगले लिहून ठेवले आहे, त्या भाषेत माझ्यासारखीने रोजनिशी लिहावी, हा आगाऊपणा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. ही वही कोणीही वाचणार नाही. तरीही क्षमा मागून ठेवलेली बरी.

लिहिण्यास कारण की, आजपासून माझ्यावर एका वृद्ध व्यक्तीची जबाबदारी आली आहे. माझ्या घरमालकीण भवानी मामी. वय सत्याहत्तर, मूळच्या तंजावूरकडील मराठी घराण्यातल्या. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या या घरात खाली त्या राहतात, वर मी. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून जिना बंद आहे, आणि त्यांचे वाचनालय नेमके पहिल्या मजल्यावर. तेथील नियम असा की, प्रत्येक सभासदाने ३१ मार्चपूर्वी स्वतः काउंटरवर येऊन सही करावी, अन्यथा खाते बंद. नवे सभासद घेणे त्यांनी थांबवले आहे. म्हणजे बंद ते कायमचेच बंद.

मामी एका तमिळ रहस्यकादंबरीचे दोन खंड वाचून बसल्या आहेत. त्यांत सात माणसे मेली. खुनी तिसऱ्या खंडात आहे आणि तिसरा खंड वाचनालयात.

उपाय एकच. येऊ न शकणाऱ्या सभासदाला दुसरा सभासद ‘केअरगिव्हर’ म्हणून लाभला, की दोघांची खाती जोडतात आणि दोन्ही चालू राहतात. मी सभासद आहेच. कार्ड गेल्या जूनमध्ये मामींनीच सोबत येऊन काढून दिले. बोलण्याचे काम त्यांनी केले, मी सही केली. अद्याप पुस्तक घेतलेले नाही. योग्य पुस्तकाचा विचार सुरू आहे.

संकल्प: १) मंगळवारी काउंटरवर जाऊन फॉर्म मागणे. २) खाते हाती येताच मामींची अभिरुची हळूहळू खुनांकडून वैचारिक साहित्याकडे वळवणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. रात्री ८.३०

अंबत्तूरचे ऑफिस लवकर सोडून वाचनालयात गेले. जिन्याच्या वळणावरून पाहिले, तर काउंटरपुढे तीन माणसे. त्यांची गैरसोय नको म्हणून परतले. येताना कॉफी पावडर आणली, त्यामुळे फेरी वाया गेली असे म्हणता येणार नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज काउंटरपुढे कोणीही नव्हते. केवळ ग्रंथपाल सुधींद्र सर बसले होते. रिकाम्या काउंटरवर आपण एकट्याने जावे, म्हणजे त्यांना उगाच कामाला लावल्यासारखे दिसते. परतले.

निष्कर्ष: सुसंस्कृत माणसे ईमेल करतात. ईमेल केला. चार परिच्छेद झाले.

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी ३.००

फॉर्म आला! सुधींद्र सरांचे उत्तर एका ओळीचे होते. माझ्या चार परिच्छेदांमुळे ते भारावले असावेत.

फॉर्म इंग्रजीत आहे. दोन रकाने आहेत, ‘असिस्टेड पेट्रन’ आणि ‘असिस्टिंग पेट्रन’. पेट्रन म्हणजे सभासद. येथे सामान्य मनुष्य गोंधळला असता. मी दहावीला मराठीत शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवलेली विद्यार्थिनी. शांतपणे विग्रह केला. ‘असिस्टेड’ म्हणजे साहाय्य केलेली. ‘शिकलेली’ म्हणजे जी शिकली ती. ‘जेवलेली’ म्हणजे जी जेवली ती. त्या न्यायाने ‘साहाय्य केलेली’ म्हणजे जिने साहाय्य केले ती. अर्थात मी. ‘असिस्टिंग’मध्ये क्रिया चालू आहे. जिचे साहाय्य अद्याप चालू आहे ती. अर्थात मामी.

पहिल्या रकान्यात माझे नाव, दुसऱ्यात मामींचे. अवघी दोन मिनिटे लागली. मराठी माध्यमाला नावे ठेवणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते.

आता मामींच्या फोनवर ओटीपी येईल, तो भरायचा.

रविवार, ९ फेब्रुवारी

ओटीपी भरलेला नाही. मामी देत नाहीत.

मी त्यांना विनंती केली की, आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक कृपया मला सांगावा. त्या म्हणाल्या, “काय गे, पोथी वाचल्यासारखी बोलतीस. नीट ओटीपी म्हण कीं.” मी ओटीपी म्हटले. त्यावर त्यांनी आठवण करून दिली की, पोंगलच्या सुट्टीत मीच त्यांना समोर बसवून तासभर समजावले होते, की बँकेचा मॅनेजर आला, पोलीस आला, प्रत्यक्ष मी जरी आले, तरी ओटीपी सांगायचा नाही. “मग? तूंच आलीस न आतां,” असे म्हणून त्यांनी फोन पदराखाली घेतला.

शेवटी तडजोड झाली. आकडे त्या स्वतः टाकतील, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहीन. त्या एका बोटाने, प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारत टाकतात. चार ओटीपींची मुदत संपली. पाचवा लागला.

फॉर्म गेला. माझ्या चिकाटीचा विजय.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. रात्री ९.००

आज वाचनालयाकडून मंजुरी आली. मामींच्या फोनवर. मजकूर असा: ‘प्रिय भवानी, रेवा यांची काळजी घेण्याची जबाबदारी स्वीकारल्याबद्दल आभार. त्यांचे खाते आता आपण पाहू शकता.’

मी म्हटले, कारकुनी चूक असावी. मामींनी चष्मा लावून फॉर्म पाहायला मागितला. पाहिला. मग त्या इतक्या हसल्या, की गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला. त्यांचे म्हणणे, मदत घेणारीच्या जागी मी माझेच नाव घातले आहे. त्यांनी चाळीस वर्षे वीजमंडळाच्या ऑफिसात इंग्रजी फाइली हाताळल्या, असेही त्या म्हणाल्या.

मी त्यांना ‘शिकलेली’ आणि ‘जेवलेली’ सविस्तर समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “सेरी, बरें. मग ‘मारलेला’ म्हणजे कोण? मारणारा कीं मेलेला?”

मी विचार करून सांगते असे सांगितले.

(रात्री ११.००: विचार केला. व्याकरण माझेच बरोबर आहे. इंग्रजी भाषा सदोष आहे.)

माझ्या खात्यावरील नोंद मामींनी मोठ्याने वाचून दाखवली. सभासद आठ महिने, घेतलेली पुस्तके शून्य. गेल्या वर्षभर रोज संध्याकाळी तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचते म्हणून वर जाऊन दार लावून घेत होतीस, ते कोठचे ग्रंथ, असे त्यांनी विचारले. दुसऱ्याचे खाते पाहण्याची सोय ही किती घातक आहे, यावर एक निबंध लिहिला पाहिजे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुरुस्ती केवळ काउंटरवर, समक्ष होते. ईमेल चालत नाही. सोपे आहे. दोन वाक्ये पाठ केली, एक तमिळमध्ये, एक इंग्रजीत. जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत दोन्ही येत होती. सातव्या पायरीवर तमिळ गेली. परतले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज वाक्ये कागदावर लिहून नेली. कागद दाखवला की झाले, तोंड उघडण्याची गरजच नाही. वर पोहोचल्यावर लक्षात आले की, कागद मराठीत लिहिला आहे.

मामींनी रसम गरम करून दिले. दुसरी वाटी न मागताच भरली. हे विचारण्यापेक्षा वाईट.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी १.३०

घरून काम करत होते. अकराच्या सुमारास वाचनालयातून भीमसेन नावाचे साठीचे गृहस्थ आले. साहाय्य मिळणाऱ्या सभासदाची घरी येऊन पाहणी करायची असते म्हणे. मामी खुर्चीत होत्या, काठी शेजारी. मी पाहुण्यांना पाणी आणून दिले. पेशंट कोण, असे त्यांनी विचारले. मामींनी हात करून मला दाखवले.

येथेच सर्व स्पष्ट करायचे, असे मी ठरवले. तोंड उघडले. परंतु भीमसेन यांनी तोवर आवाज चढवून, एकेक शब्द तोडून, माझे नाव विचारले. एवढ्या मोठ्या आवाजात मला कोणी आजवर नाव विचारलेले नाही. नाव आठवेना. त्यांनी मान हलवली आणि एक टिक केली. नंतर पुस्तक स्वतः घेता येते का, ग्रंथपालांना सांगता येते का, असे दोन प्रश्न आले. माझ्या वतीने मामींनीच उत्तरे दिली. फोन त्या करतात, वीजबिलाचे त्या बोलतात, गॅसवाल्याशी त्या भांडतात, ऑटोवाल्याशी घासाघीस खिडकीतून त्याच करतात. “नल्ल पिळ्ळै आहे हो. चांगलें लेकरूं. बोलत तेवढें नाही.” आणखी तीन टिका.

जाताना भीमसेन यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी मामींना विचारले, आपण खरे का सांगितले नाही? त्या म्हणाल्या, “खरेंच सांगितलें की गे. एक तरी खोटें सांगितलें काय?”

यादी तपासली. सापडले नाही. शोध सुरू आहे.

सोमवार, १७ मार्च

सुधींद्र सरांचे पत्र आले. पाहणी समाधानकारक. साहाय्य मिळणाऱ्या सभासदाला पुस्तके घरपोच मिळतील, आणि पहिल्या फेरीत भवानी यांनी मागितलेला तिसरा खंड येईल. तो काउंटरखाली बाजूला ठेवला आहे. एकच अट. अशा सभासदाने, म्हणजे मी, स्वतःच्या शब्दांत एक निवेदन ईमेलने द्यावे, की काउंटरवर येणे मला शक्य नाही आणि मला मदतीची गरज आहे. ३१ मार्चपर्यंत निवेदन नाही, तर दोन्ही खाती बंद आणि खंड पुढच्या वाचकाला.

असले निवेदन देणार नाही. हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. मी धडधाकट आहे, कमावती आहे, चेन्नईत एकटी राहते (खाली मामी असतात, परंतु मजला वेगळा आहे). शनिवारी समक्ष जाऊन फॉर्म दुरुस्त करीन. केअरगिव्हर मी होईन. पुस्तके मी आणीन.

मामींना हे ऐकवले. “कर बाळ, कर,” असे म्हणून त्यांनी दुसरा खंड तिसऱ्यांदा उघडला. त्यांना जमीनदाराच्या धाकट्या बायकोचा संशय आहे. डोळ्यांचेही ऑपरेशन पुढे मे महिन्यात ठरले आहे. त्याआधी कॉफीत विष कोणी घातले एवढे तरी कळावे, असे त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या. पण पान उलटायचे विसरल्या.

शनिवार, २२ मार्च. दुपारी १२.४०

गेले. सर्व पायऱ्या चढले. काउंटरपर्यंत पोहोचले! हे येथे ठळक नोंदवते. काउंटरच्या लाकडाला हात लावला.

सुधींद्र सरांनी वर पाहून विचारले, “एन्न वेणुम, मा?” काय पाहिजे, एवढेच विचारले त्यांनी. माणूस सौम्य आहे. माझ्याकडे मराठी, इंग्रजी आणि थोडी तमिळ अशा तीन भाषा होत्या. त्यांतून जे बाहेर पडले ते ‘थँक यू’. नंतर मी खाली रस्त्यावर होते.

मामी फाटकापाशी खुर्ची टाकून वाट पाहत बसल्या होत्या. काठी टेकत तिथवर आल्या असाव्यात. माझा चेहरा पाहिला, खुर्ची उचलायला सांगितली, आणि आज वांग्याचें भरीत केलें आहे, जेवायला ये, म्हणाल्या.

शुक्रवार, २८ मार्च

निवेदनाचा मसुदा, क्रमांक एक: ‘माझ्या बाबतीत जो व्याकरणविषयक गैरसमज झाला आहे...’ खोडला.

क्रमांक दोन: ‘तूर्त कामाच्या व्यापामुळे...’ खोडला. शनिवारी मला सुट्टी असते, हे सुधींद्र सरांना कळले आहे.

क्रमांक तीन: पायाला किरकोळ दुखापत. लिहिताना भीती वाटली की, भीमसेन पुन्हा पाहणीला येतील.

शनिवार, २९ मार्च. सायंकाळी ५.३०

मामी खालून हाक मारत आहेत. पाठवलेंस काय? जमीनदाराची धाकटी बायको कॉफीचा पेला घेऊन कवाची उभी आहे गे तिकडे, तिचे हात दुखायला लागले असतील.

मसुदा क्रमांक चार. येथे मराठीत उतरवून ठेवते:

‘मी, रेवा दिनकर औसेकर, वय चोवीस, असे निवेदन करते की, मला आपल्या काउंटरवर येऊन बोलणे शक्य होत नाही. फेब्रुवारीपासून पाच वेळा प्रयत्न केला. पाय उत्तम आहेत. माझ्या वतीने फोन करणे, पुस्तक मागणे, भांडणे आणि खरे बोलणे ही कामे श्रीमती भवानी, वय सत्याहत्तर, यापूर्वीपासून करीत आहेत. त्यांचे साहाय्य मला यापुढेही लागेल. त्यांनी निवडलेली पुस्तके मला पसंत आहेत. तिसरा खंड कृपया सोमवारीच पाठवावा.’

तीनदा वाचले. व्याकरणाची चूक नाही. खोटेही काही सापडले नाही, शोधले तरी.

पाठवले. शनिवार, २९ मार्च २०२५, सायंकाळी ५ वाजून ४७ मिनिटे.