स्क्रीनखाली गेलेला प्रश्न

४ ऑगस्ट

समितीचं बोलावणं आलं. वकिलीच्या सनद परीक्षेत केलेल्या बदलांची संसदीय समिती चौकशी करते आहे. सुनावणी पुण्यातच. परीक्षांच्या निकालांचं विश्लेषण हे माझं काम, म्हणून साक्षीला मी. अम्मी म्हणाली, "वकील मेहनाज, आणि साक्ष देणार तू?"

मेहनाजआपा, माझी मोठी बहीण, यंदाच ही परीक्षा पास झाली – मराठीतून, तिसऱ्या खेपेला. बिबवेवाडीत पाटी लागली आहे.

९ ऑगस्ट

दोष सापडला. परीक्षा कागदावरून संगणकावर नेली तेव्हा स्क्रीन इंग्रजी मजकूर धरून आखली. मराठीत खटल्याची हकिकत लांबते आणि प्रश्न स्क्रीनच्या खाली जातो. हकिकत वाचा, खाली या, विसरा, परत वर जा. इंग्रजीवाल्यांना दोन्ही एकत्र दिसतं. मराठीवाल्यांचे गुण लांब हकिकतींच्या प्रश्नांतच घसरलेत, छोट्या प्रश्नांत नाहीत. याला योगायोग म्हणणाऱ्याने गणित मांडावं.

१० ऑगस्ट

आपाला विचारलं, तुला कसं जमलं? "लांबलचक होते ते अंदाजपंचे ठोकले. समितीला सांगू नकोस हं." हसत होती.

१८ ऑगस्ट

साक्ष झाली. बहीण पास आहे, हे आधीच लेखी कळवलं होतं.

परीक्षा मंडळाचे अधिकारी म्हणाले, "उमेदवारांनी संगणकाचा सराव करावा."

मी म्हटलं, "सरावाने स्क्रीन मोठी होत नाही."

अध्यक्ष भीमराव यांनी त्यांना विचारलं, "बदलाआधी चाचणी घेतलीत?"

"घेतली ना. इंग्रजीत."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "नापासांचं कळलं, ताई. पास झालेल्यांचे गुण तरी भरवशाचे का?"

"नाहीत."

उत्तर अचूक होतं.

१९ ऑगस्ट

आपाला सगळं सांगितलं. शेवटच्या प्रश्नाशी ती थांबली.

"नाहीत म्हणालीस?"

"गुणांबद्दल म्हणाले. तुझ्याबद्दल नाही."

"वा. हा फरक कोर्टात सांगून बघ."

उगाच घाबरते. फेरपरीक्षा झालीच तर नापासांची होईल. पास झालेल्यांना कोण हात लावतो?

१६ सप्टेंबर

अहवाल आला. माझी साक्ष जशीच्या तशी मान्य. मराठीचा निकाल रद्द – मंडळानेही मानलं. फेरपरीक्षा सगळ्यांची. तोवर सनद स्थगित. आपाची पहिली केस उद्या उभी राहणार होती.

आत्ता ती तिच्या खोलीच्या दाराशी आली. "मी अभ्यासाला बसतेय. साक्षीदारांनी आवाज करू नये." आणि दार लावून घेतलं.