गढीखालचं वावर

१२ ऑक्टोबर, रविवार

आज नाणं सापडलं! खरंखुरं. सोयाबीन सोंगून झालंय, हरभरा पेरायला अजून थोडा वेळ आहे, म्हणून विकास आणि त्याचा दोस्त उदयसिंग ते मशीन घेऊन आमच्या गढीखालच्या वावरात फिरतात. काठीच्या टोकाला ताटलीसारखं काहीतरी, कानात हेडफोन. आजवर मिळालं काय — खिळे, फाळाचा तुकडा, बैलाची नाल. मी डबा घेऊन गेले होते. धसकटं टोचत होती म्हणून बांधाजवळच थांबले, तर मशीन नेमकं तिथंच वाजलं. विकासनं खुरप्यानं माती काढली. तांब्याचं, जाड, हिरवं पडलेलं. पुसल्यावर फारसी अक्षरं दिसली.

त्यानं ते आधी माझ्या तळहातावर ठेवलं. लग्न झाल्यापासून त्याला एवढा खूश पाहिलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर

परत नाणी. परत मी सोबत होते. उदयसिंग म्हणाला, वहिनीचा पायगुण आहे. मी हसत सांगून बसले — मी पायाळूच आहे, जन्मताना आधी पाय बाहेर आले. माहेरी, किन्हीराजाला, आमच्या दारात उसण भरलेली माणसं यायची. आई मला त्यांच्या कमरेला लात मारायला लावायची. मग गुळाचा खडा मिळायचा.

दोघंही हसले नाहीत. एकमेकांकडं बघत राहिले.

काहून सांगितलं मी!

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

माहेरी जाऊ दिलं नाही. “तू गेली का मशीन मुकं होते,” विकास म्हणाला.

२८ ऑक्टोबर

उदयसिंगनं कुठूनतरी एक महाराज आणलाय. वावरातच बसवलं मला. पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं म्हणे. काय होतं त्यात देव जाणे — डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग. काय दिसते, काय दिसते, महाराज सारखं विचारत होता. काहीच नाही म्हटलं की आणखी घालायचा. विकास शेजारी उभा.

“नीट पाह्य ना,” एवढंच बोलला.

शेवटी मी गढीकडच्या निंबाखाली बोट दाखवलं. तिथं काही दिसलं नव्हतं. थांबावं म्हणून दाखवलं.

२९ ऑक्टोबर

डोळे सुजलेत. निंबाखाली खोदायला लागले.

२ नोव्हेंबर

काही निघत नाही. महाराज म्हणतो धन आहे, पण राखणदार सोडत नाही. त्याच्यासाठी पायाळूनं उपास धरायचा. एक वेळ दूध, बाकी काही नाही. सासूबाईंनी माझं ताट वाढलं होतं, विकासनं उचलून नेलं. त्या बोलतच नाहीत. सासरे गेल्यापासून घरात शब्द चालतो तो विकासचा.

७ नोव्हेंबर

बाबांना फोन लावला. रडू आवरलं नाही. सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “नवऱ्याच्या मनासारखं करून घे बाई. चार दिवसाचं याड असते. मंग येतो मी.”

बोलत असतानाच विकासनं फोन हातातून काढून घेतला. तेव्हापासून त्याच्याकडंच आहे.

सगळ्यांच्या वावरात पेरण्या झाल्या. आमचं तसंच पडलंय.

११ नोव्हेंबर

आज पूजेला नेलं तेव्हा खड्डा पाहिला. मशीन तर वीतभर खालचंच सांगतं, उदयसिंगच बोलला होता. नाणी सगळी वरच्यावर मिळाली. मग एवढा खोल काहून? आत उतरायला शिडी लावलीय. कडेनं कुंकू. तळाशी एक पाट.

माझ्यासाठी आहे तो पाट. अमावस्येला बसायचं.

चालता चालता भोवळ आली. विकासनं सावरलं. पण खड्ड्याकडं बघायचं टाळलं त्यानं. तोही भीत असेल का? मग थांबत का नाही?

१४ नोव्हेंबर

ऐकलं ते लिहून ठेवते.

तिघं अंगणात चहा पीत होते. मी दाराआड. महाराज म्हणाला, नुसत्या बसण्यानं होत नसते, रक्त लागते.

विकासनं विचारलं, “किती?”

महाराजानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

आणि विकासनं परत विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं. पाय धरले. “आत्याबाई, हे लोक मले मारतीन.” त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. हात थांबला. मग परत पाखडायला लागल्या.

संपलं. आता कोणी नाही.

१७ नोव्हेंबर

हंडा घेऊन निघाले, तो विहिरीवर ठेवला आणि तशीच फाट्याकडं. पायात जोर नव्हता, धावता येईना. उदयसिंगनं मोटारसायकलनं गाठलं. चारचौघात काय बोलला तर, वहिनीचं डोकं फिरलं आहे. लोकांना ते पटलं. माझा अवतारच तसा होता.

घरी आल्यावर विकासनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं. तो खाली बसला, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि रडला.

“एकडाव बस त्या खड्ड्यात, वर्षा. मंग तू म्हणशीन तसं.”

मी विचारलं, मंग मी राहीन का?

तो पाय सोडेना.

१८ नोव्हेंबर

अमावस्या तोंडावर आली. आता सासूबाई दारात बसतात. विकासनंच बसवलंय. संडासला गेले तरी मागं येतात. मी लहान पोरीसारख्या आईला हाका मारल्या आज. पाच वर्षं झाली आई जाऊन.

१९ नोव्हेंबर, दुपार

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेय.

विकास सकाळी वावरात गेला तसं आत्याबाईंनी मला उठवलं, आपलं लुगडं नेसवलं, तोंडावर पदर ओढला. मागच्या दारानं उभ्या तुरीतून हात धरून चालवत नेलं, पार डांबरी रस्त्यापर्यंत. अख्ख्या वाटेत एक शब्द नाही. मला वाटलं खड्ड्याकडंच नेतात.

हवालदारानं विचारलं, तक्रार कोणाची, कोणावर?

“माही,” आत्याबाई म्हणाल्या. “लिवा. विकास इंद्रभान. माहा पोरगा हाय.”