तोफा उतरवलेली हेसेन

मेनूथ, आयर्लंड
७ मार्च २०२१

प्रिय चंद्रहास,

सप्रेम नमस्कार. लीलावतीवहिनींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही बरे आहोत. लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, म्हणून मी रोज कालव्याच्या काठाने फिरून येतो. लेकीला, क्षितिजाला मात्र संगणकाच्या चिपच्या कारखान्यात जावंच लागतं. नात रेवाला माझं मराठी सगळं समजतं, उत्तर आयरिश इंग्रजीत मिळतं.

तू इतके फोन केलेस, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी आपल्या व्याख्यानमालेतल्या माझ्या यंदाच्या व्याख्यानाचं. विषय ठरला: 'एका युद्धनौकेची नोकरी'. शेजारच्या निवृत्त शिक्षकाने कुंपणावरून जर्मन आरमारावरचं एक जाडजूड पुस्तक दिलं, त्यात हेसेन भेटली. १९०५ साली ती कैसरच्या आरमारात रुजू झाली. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची बलाढ्य युद्धनौका उतरवली आणि हेसेनसारख्या सगळ्या नौका जुन्या ठरल्या. तरी १९१६ला जटलंडच्या लढाईत तिला नेलं. तिच्याच तुकडीतली पोमर्न नावाची नौका तिथे फुटून बुडाली, एकही माणूस वाचला नाही. हेसेन परतली. वर्षभरात तिच्या तोफा उतरवून तिला पाणबुड्यांच्या दिमतीला उभं केलं.

युद्धानंतर पुन्हा तोफा बसवल्या. आता मालक प्रजासत्ताक. मग नाझी आले. त्यांनी तोफा पुन्हा काढल्या आणि तिला नेमबाजीचं लक्ष्य केलं. सरावाच्या वेळी खलाशी उतरायचे, दुसऱ्या बोटीवरून रेडिओने तिला चालवायचे, आणि स्वतःच्याच आरमाराचे गोळे ती झेलायची. हिवाळ्यात बर्फ फोडायची. शेवटी रशियनांनी नेली आणि नावही 'लक्ष्य' असंच ठेवलं. साठच्या दशकात भंगारात गेली. चार राजवटी झाल्या.

माझा निष्कर्ष तू ओळखला असशील. तोफा गेल्यावर असं कुणाच्याही हुकमाने तरंगत राहण्यापेक्षा पोमर्न बरी. हे सगळं लिहून क्षितिजाला वाचायला दिलं.

"तुम्ही भाषण लिहून काढलंत? तुम्ही?" ती म्हणाली. मग वाचून झाल्यावर, "ग्रँड आहे बाबा. पण माणसं कुठायत?"

"कुठली माणसं?"

"पोमर्नवरची बुडाली. हेसेनवरची घरी गेली असतील ना? तुम्ही नुसत्या तोफा मोजताय."

चंद्रहास, युद्धाच्या विरोधात मी चाळीस वर्षं बोललो. माणूस आधी, पोलाद नंतर, हे वाक्य टाळ्या घेत आलं. माझ्याच घरात ते कुणाला तरी मला ऐकवावं लागलं. वाद घालायचा म्हटलं तरी तो कुजबुजूनच घालावा लागला असता.

जानेवारीत तू म्हणालास, "उल्हासचा घसा बसला? चला, गावाला जरा शांत झोप लागेल!" मी हसलो होतो. घसा बसलेला नाही. गाठ आहे. डॉक्टर स्वरयंत्र काढायचं म्हणतात. काढलं तर बरा होण्याची चांगली आशा आहे, नाही काढलं तर फार दिवस नाहीत. महिनाभर मी नाही म्हणत होतो. क्षितिजा रोज जेवताना विचारायची. परवा तिला हो म्हटलं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे.

निष्कर्ष खोडला आहे. नवा अजून नीट जमलेला नाही, पण सोबत जोडलेला मजकूर खरा आहे. व्याख्यान यंदा संगणकावरच आहे, तेव्हा व्याख्यानमालेतल्या पद्मिनीला माझ्याऐवजी वाचायला सांग. तिने सावकाश वाचावं, माझी नक्कल करू नये. पोमर्नच्या परिच्छेदानंतर थोडं थांबावं.

आपल्या व्याख्यानमालेचा नियम मीच केला होता: भाषण वाचायला कागद आणणाऱ्याने श्रोत्यांत बसावं. कागद घेऊन आलेल्या बिचाऱ्या रविकांत सरांना भर सभेत मी व्यासपीठावरून खाली पाठवलं होतं, ते तू अजून रंगवून सांगतोस. यंदा कागद माझा आहे. नियम मोडू नकोस. पडद्यावर माझा चौकोन दिसेल, आवाज बंद. शेवटी मी टाळ्या वाजवीन, त्या ऐकू येणार नाहीत. हात मात्र बघ.

फोन करू नकोस. पत्र लिही, लांबलचक लिही.

तुझ्या यंदाच्या श्रोत्यांपैकी एक,
उल्हास