पश्चिमेची काळी भिंत

१६ डिसेंबर १९७३, रविवार. सकाळी ६.
थंडी. बोटं वळत नाहीत, तरी लिहितो आहे. निश्चय: भाड्याच्या या दोन खोल्यांत हा शेवटचा हिवाळा. सोमलवाड्याच्या पुढे प्लॉट पडून आहे, तिथे स्वतःचं घर. लहान, पण शास्त्रीय. रॉकेल मिळत नाही, म्हणून वच्छला कोळशाची सिगडी पेटवते आणि धुरानं दिवसभर खोकते. डॉक्टर म्हणाले, बायकोला हवा बदला. मी घरच बदलतो आहे.

२३ डिसेंबर.
ऑफिसच्या लायब्ररीत एक परदेशी मासिक सापडलं. त्यात इंधन वाचवणारं, आरोग्यदायी छोटं घर. एक जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची, तिच्यापुढे काच लावायची. भिंत दिवसभर ऊन पिते, रात्रभर ऊब देते. फोटोत आई, बाप आणि दोन मुलं घरात स्वेटर घालून हसत आहेत. सगळ्यांची प्रकृती उत्तम दिसते.
लेखात भिंत दक्षिणेला आहे. पण कडक ऊन पश्चिमेचं. मी पश्चिम घेतली. ही सुधारणा माझी.

६ जानेवारी १९७४.
नकाशा पूर्ण. वच्छलाला शास्त्रात रस नाही. तिला चुलीपाशी, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतच, खिडकी पाहिजे, एवढंच. म्हणाली, वारा तिकडूनच येते, मले तिथंच पाहिजे. मी दूध आणायला गेलो तेवढ्यात तिनं नकाशावरच्या काळ्या भिंतीत पेन्सिलनं चौकोन काढला, शेजारी लिहिलं: तीन बाय चार. मी तो रबरानं खोडला. भिंतीला भोक पडलं की ऊब गळते, हे शांतपणे समजावलं. ती म्हणाली, थंडी दोन महिने अन् ऊन चार महिने, हे त्या मासिकवाल्याले माहीत हाये काय? मासिक इंग्रजी आहे. तिला कसं समजणार.

१० फेब्रुवारी.
काम जोरात. कवडू मिस्त्री कारागीर चांगला, पण शंका फार. अठरा इंचाची भिंत कायले जी? खिडकी काहून नाही जी? सगळं सांगितलं. त्यानं वीत लावून भिंतीची जाडी मोजली. मग म्हणाला, साहेब, मी विटांची भट्टी बी बांधतो, तिले बी एवढी जाड भिंत लागत नाही. जुन्या पिढीशी वाद घालायचा नाही असं ठरवलं. (कवडू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.)
सिमेंटच्या पोत्यांसाठी त्यानं बांबूच्या तट्ट्यांची एक झोपडी उभी केली. वच्छला डबा घेऊन आली की तिथेच बसते.

१७ मार्च.
भिंतीला डांबर फासलं. काच बसली. काल ऑफिसात जाहीर केलं होतं की आमच्याकडे कूलर सोडा, पंखाही लागणार नाही. शेजारच्या टेबलावरचा मुकुंद यंदा कूलर घेतो आहे. म्हणाला, उन्हाळ्यात तुही भिंत काय करीन गा? मी म्हटलं, उन्हाळ्यात ती स्वस्थ बसेल.

२१ एप्रिल.
गृहप्रवेश. गुरुजींनी पूजा वीस मिनिटांत आटोपली. उरलेले मंत्र अंगणातून म्हटले तरी पोचतात म्हणाले. पाहुणेही झोपडीच्या सावलीत जेवले. लोकांना मोकळी हवा आवडते, यात घराचा दोष नाही.

२८ एप्रिल. दुपारी ३.
भिंतीला आतून हात लावला. काढला.

२८ एप्रिल. संध्याकाळी ७.
अजून गरम. लेखात लिहिल्यापेक्षा जास्त कार्यक्षम.

५ मे.
वाळ्याची ताटी आणली, भिंतीला आतून टांगली, पाणी मारलं. अर्ध्या तासात कोरडी ठणठणीत. डांबर ओघळून काचेवर आलं आहे. स्वयंपाकघरात धूर कोंडतो, खोकला वाढला. म्हणून वच्छला तीन दिवस झोपडीत स्वयंपाक करते आहे. तिथं दम लागत नाही म्हणते. तात्पुरतं आहे.
लेख पुन्हा वाचला. 'उन्हाळा' हा शब्द त्यात एकदाच आहे, तोही सुट्टीच्या संदर्भात.

१० मे.
ऑफिसातून आलो तर घरात शेजारच्या तुळसाबाई आणि आणखी तीन बाया. काळ्या भिंतीला लागून चार खाटा, खाटांवर कुरडया. अंगणात दोन दिवस लागतात, इथं चार तासांत वाळल्या म्हणे. तुळसाबाई म्हणाली, वच्छले, तुह्या नवऱ्यानं डोकं लावलं वं. मला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, आता माणसांसाठी कुठं बांधता?

१२ मे, रविवार.
काल झोपडीचं छप्पर वाऱ्यानं उडालं. सिगडी परत घरात आली. पोळ्या होईपर्यंत वच्छला तीनदा बाहेर जाऊन उंबऱ्यावर बसली. शेवटच्या वेळी बराच वेळ उठली नाही. मी पाणी दिलं आणि म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांब, मग या भिंतीची मजा बघ. ती म्हणाली, डिसेंबरलोक मी अशीच खोकत राहू काय? मी खाप्याले मायकडे जातो, खिडकी होईन तवा निरोप द्या.
विचार करतो म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे. घाई नको.

१५ मे. संध्याकाळी ६.
घरी आलो. अंगणात डांबर लागलेल्या विटांचा ढीग, शेजारी उतरवलेली काच. कवडू नळावर हात धूत होता. काळ्या भिंतीत आरपार भगदाड, त्यात जुनी सागवानी चौकट बसवलेली. कोणाला विचारून, असं मी जरा मोठ्यानं विचारलं. तो म्हणाला, बाईनं नकाशा दाखवला जी, त्याच्यात हाये न.
वच्छलाची पेटी भरलेली होती. ती तिनं माझ्यासमोर उघडली आणि लुगडी परत खुंटीवर टाकली.

१५ मे. संध्याकाळी ७.
सिगडी पेटली आहे. वारा खिडकीतून येतो, धूर दारातून जातो. भाकरी झाल्या, भाजी झाली. पाऊण तासात खोकला एकदाही नाही. मी घड्याळ लावून बसलो होतो.
नकाशा काढून पाहिला. खोडलेला चौकोन उजेडाकडे धरला की दिसतो. तीच जागा, तीन बाय चार. फार पुसट झाला होता, म्हणून शाईनं गिरवून घेतला. खाली माझी सही केली. तारीख ६ जानेवारीची घातली.