तळघरातील संडासास दुसरे स्नानगृह धरल्याबाबत

प्रति,
माननीय मालमत्ता मूल्यांकन अधिकारी,
मूल्यांकन कार्यालय,
कार्व्हर्स फेरी, पेनसिल्व्हेनिया

विषय : ४१८, विलो स्ट्रीट या घराची वाढवलेली किंमत पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, जी आल्यापासून आमच्या घरात स्वस्थता नाही.

महोदय,

वरील नोटिशीनुसार आपण आमच्या घराची किंमत एकदम दुप्पट केली आहे. त्या प्रमाणात कर वाढल्यास तो माझे पती रेजिस यांच्या पोलाद कारखान्याच्या पेन्शनमध्ये बसणार नाही, आणि घर विकून आम्हाला मुलीकडे, कॅरलकडे, ॲरिझोनात जावे लागेल. कॅरल गुणाची आहे. परंतु तिकडच्या घरांना तळघर नसते, आणि रेजिस यांचे म्हणणे असे की, "तळघर नसलेल्या घरात माणूस रुसला तर जातो कुठं?" सबब हा अर्ज.

१. आपले टाय लावलेले तरुण निरीक्षक फेब्रुवारीत आले होते. मी त्यांना हौसेने सगळे घर दाखवले, हे माझेच चुकले. हौसेला मोल नसते असे आम्ही समजत होतो. आपण ते लावून दाखवलेत. तळघरात 'दुसरे पूर्ण स्नानगृह' असल्याची त्यांनी नोंद केली. वस्तुस्थिती अशी की तिथे कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, उघड्यावर, एक संडासाचे भांडे आहे. भिंत नाही, दार नाही, पडदा नाही. अब्रू वापरणाऱ्याने बरोबर घेऊन यायची. कारखाना चालू होता तेव्हा पाळीवरून काळाठिक्कर होऊन आलेला माणूस तळघराच्या दाराने आत शिरायचा आणि सगळे उरकून, हातपाय धुऊन मगच वर यायचा. म्हणून या नदीकाठी घरोघरी असे भांडे आहे. त्यावर बसून कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.

२. तळघरातील शेगडीमुळे आमचे घर 'दोन कुटुंबांचे' ठरले आहे. आमच्याकडे वरचे स्वयंपाकघर पाहुण्यांनी पाहण्यासाठी असते, तिथे कांदासुद्धा चिरला जात नाही. रांधणे खाली. चर्चच्या शुक्रवारच्या विक्रीसाठी बटाटा भरलेल्या पिरोगी मी तिथेच करते. निरीक्षकांनी तिथेच बसून कोबी-नूडल्स दोनदा वाढून घेतले आणि ते म्हणाले, "आजी, इथं तर आणखी एक बिऱ्हाड आरामात राहील!" मी ते कौतुक समजले. ते हिशेब करत होते. दुसरे बिऱ्हाड म्हणजे रुसलेले रेजिस, आणि ते भाडे देत नाहीत.

३. 'राखीव वाहनतळ' म्हणून जी नोंद आहे, ती खुर्ची आहे. बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेवर आपली जुनी खुर्ची मांडली की तिथे दुसऱ्याने गाडी लावायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही म्हणूनच सगळे पाळतात. परंतु रस्ता शहराचा आहे, आमची फक्त खुर्ची. निरीक्षकांनी ती हलवली नाही, गाडी गल्लीच्या टोकाला लावली, यावरून ते चांगल्या घरचे आहेत हे मान्य.

४. तुलनेसाठी आपण कोपऱ्यावरचे घर धरले आहे. पिट्सबर्गहून आलेल्या एका जोडप्याने ते घेऊन बाहेरून सबंध काळे रंगवले. पूर्वी असे घर दिसले की आम्ही अग्निशमन दलाला बोलवत असू. शेजारीण नोरीन पावलिक म्हणाली, "अगं डोलोरेस, काळं फासून किंमत वाढते हे आधी कळलं असतं, तर कारखान्याच्या धुरानं काळं झालेलं घर मी पैसे घालून पुन्हा पुन्हा पांढरं कशाला केलं असतं?" मधली दोन घरे पाडली गेली, हे मात्र आपल्या कागदात नाही. तिसऱ्याच्या छपरातून झाड वर आले आहे. झाड उत्तम स्थितीत आहे.

५. आता अडचणीची बाब. अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात, म्हणून मी हा मजकूर रेजिस यांना वाचून दाखवला. त्यात आणखी एक पानभर दोष होते : जिना करकरतो, खिडक्यांतून वारा येतो, मागची भिंत ओल धरते. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. तो जिना त्यांनी केलेला आहे. खिडक्या त्यांनी बसवल्या, आणि मागची भिंत त्यांनी व त्यांच्या वडिलांनी मिळून बांधली. "एवढं भिकार होतं, तर इतकी वर्षं राहिलीस कशाला?" एवढेच बोलून ते खाली गेले, ते जेवायलाही वर आले नाहीत. मला फार वाईट वाटले. घर वाचवायला निघाले आणि घरच्याच माणसाला दुखावून बसले. ते पान मी फाडून टाकले आहे. त्याने आमची बाजू लंगडी पडली तर पडो. जिना करकरत नाही.

तरी संडासास संडास व खुर्चीस खुर्ची समजून किंमत पूर्ववत करावी, म्हणजे उरलेले दिवस आम्हाला इथेच काढता येतील, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
डोलोरेस ह्रिव्हनाक
दिनांक : ११ मार्च

सोबत : आपली नोटीस, खुर्चीचा फोटो, भांड्याचा फोटो (रेजिस यांनी आधी ते घासून घेतले).

दुसऱ्या मालकाची सही : रेजिस ह्रिव्हनाक

(सहीखालचा मजकूर त्यांचा आहे. शाईने लिहिल्यामुळे मला खोडता आला नाही.)

साहेब, घर तुम्ही लिहिलंय त्याच्याहूनही भारी आहे. फक्त एवढ्या भारी घरात राहायची आमची ऐपत नाही.